लेकराचा डॉक्टर बदलताना

आपल्या लेखनात शाळेची पायरी आली, पाणवठा आला, मालकाचा वाडा आला आणि शहरातली झोपडपट्टीही आली. दवाखान्यातले बाकडे त्या मानाने कमी आले. वस्तुतः लेकरू तापाने फणफणले म्हणजे आपला माणूस ज्या शिकलेल्या माणसापुढे जाऊन उभा राहतो, तो डॉक्टर असतो. तिथे तो काय विचारतो, काय विचारायचे टाळतो, मान खाली घालून कोणत्या गोष्टीला हो म्हणतो, हे पाहिले की त्याच्या मनातली गुलामी किती शिल्लक आहे ते कळते. सभेतल्या घोषणांवरून ते तेवढे कळत नाही.

या लेखाचा विषय वरवर पाहता घरगुती आहे. मुलाच्या डॉक्टरावरचा विश्वास उडाला तर काय करावे? दुसरा डॉक्टर कसा शोधावा? माढ्यासारख्या तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला लोक सगळेच विचारतात. कोर्टाचा कागद घेऊन येतात, बँकेचा येतो, तशी डॉक्टरची चिठ्ठीही येते. "सर, ह्यात काय लिवलंय? ह्यो डाक्टर बरा का दुसरा बघावा?" मी इतिहास शिकवतो, वैद्यक नव्हे. तरीही या प्रश्नाला एक सामाजिक बाजू आहे आणि तिच्याविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : डॉक्टरावरचा विश्वास ही भक्ती असू नये. ज्याला प्रश्न विचारता येतो, ज्याचे उत्तर पडताळून पाहता येते आणि वेळ आली तर ज्याला सोडता येते, त्याच्यावरच विश्वास ठेवता येतो. बाकी सगळी शरणागती आहे.

ही शरणागती आली कुठून, ते आधी पाहू.

१२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र प्रसिद्ध झाले होते. बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत उद्धृत केले आहे. या शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. तिला जुलाब लागले, छाती भरून आली, श्वास घेता येईना. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या नगरशेटने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो निघाला, पण अट अशी की बाईला वस्तीबाहेर आणले पाहिजे. दोन दिवसांच्या बाळासह त्या बाळंतिणीला बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याकडे दिला आणि नवऱ्याने बायकोला लावला. परत येतानाही तो याच क्रमाने परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला, औषध पाठवून दिले आणि पुढे बोलावूनही तो आला नाही. ती बाई मेली.

हा गृहस्थ शिक्षक होता, हे लक्षात घ्यावे. शिक्षणामुळे त्याला वर्तमानपत्राला पत्र लिहिता आले. पण डॉक्टरचा हात त्याच्या बायकोच्या छातीपर्यंत पोहोचला नाही. न्यूमोनियाचे निदान छाती न ऐकता, दुरून, तापाच्या आकड्यावरून झाले. म्हणजे अस्पृश्यतेने त्या कुटुंबाचा अपमान केला आणि त्याचबरोबर तपासणीही अर्धवट ठेवली. या दोन्ही गोष्टी एकाच कृतीतून घडल्या. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक मुलगा प्लेगने आजारी आहे असे कळताच सावित्रीबाईंनी त्याला स्वतः उचलून त्या दवाखान्यात नेले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आजारी पोराला हात लावायचा की नाही, या एका प्रश्नावर दोन संस्कृती कशा वेगळ्या होतात ते या दोन प्रसंगांत दिसते.

सावित्रीबाईंसारखी माणसे सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. आपल्या आजी-आजोबांच्या वाट्याला बहुधा काठेवाडचाच डॉक्टर आला, किंवा कोणीच आला नाही. लेकरे जन्मत आणि जात. बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली, एकटे यशवंत जगले. ज्या घरात बॅरिस्टर होता त्या घरची ही गोष्ट, मग महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या घरांची काय कथा? अशा पिढ्यांनंतर जेव्हा एखादा डॉक्टर आपल्या पोराला हात लावू लागला, सुई देऊ लागला, तेव्हा आपल्या माणसांना तो देव वाटला यात नवल नाही. माझी आई शेतात मजुरीला जायची. तिच्या लहानपणी डॉक्टर गोळ्या वरून पदरात टाकायचा, असे ती सांगते. म्हणून ती आजही मला बजावते, "डाक्टरला उलटं इचारू नगं. लेकरू त्येच्या हातात हाय."

हात न लावणारा डॉक्टर आणि देव झालेला डॉक्टर, हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण रुग्णाच्या दृष्टीने त्यांच्यात एक साम्य आहे. दोघांनाही प्रश्न विचारता येत नाही. पहिला उंबऱ्याबाहेर उभे करतो आणि दुसऱ्यापुढे आपण आपणहून हात जोडतो. नागरिक म्हणून समोरच्या खुर्चीवर बसून बोलायची जागा या दोहोंच्या मधली आहे. ती आपल्याला अजून पुरती मिळालेली नाही.

हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल. ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेचा ११ राज्यांतल्या ५६५ गावांत झालेला अभ्यास २००६ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात सुमारे एक-तृतीयांश गावांत सार्वजनिक आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्याचे टाळतात असे आढळले. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या निवडक गावांतील दलित मुलांचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला स्पर्श करताना, औषध हातात देताना, त्याच्यासाठी वेळ देताना भेदभाव कसा होतो हे त्यांनी मुलांच्याच तोंडून नोंदवले आहे. काठेवाडातल्या थर्मामीटरचा प्रवास अजून पूर्ण थांबलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

आता माझ्या घरची हकीकत सांगतो. ती सांगण्याचे कारण तक्रार हे नाही, तिच्यातून एक मुद्दा स्पष्ट होतो म्हणून.

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. दीड वर्षाची झाल्यापासून तिला वारंवार खोकला होई. तो रात्री वाढे आणि छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येई. आम्ही जवळच्या एका शहरातील बालरोगतज्ज्ञांकडे जात होतो. शिकलेले, नाव असलेले, गर्दीचा दवाखाना. एका वर्षात सहा वेळा अँटिबायोटिकची बाटली लिहून मिळाली. चिठ्ठीवर आजाराचे नाव एकदाही नव्हते. सुरुवातीला ते छाती तपासत. पुढे मुलगी आईच्या मांडीवर असतानाच तिच्याकडे पाहून चिठ्ठी लिहू लागले. सातव्या खेपेस मी विचारले, "डॉक्टरसाहेब, हे पुन्हा पुन्हा का होतंय?" त्यांनी कागदावरचे आडनाव पाहिले, मूळ गाव विचारले आणि म्हणाले, "तुमच्या वस्त्यांत धूर असतो, दाटीवाटी असते, स्वच्छता नसते. हे चालायचंच."

आम्ही माढ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. स्वयंपाक गॅसवर होतो, दोन्ही खोल्यांना खिडक्या आहेत. त्यांनी यातले काहीही विचारलेले नव्हते. घरात कोणाला दमा आहे का, हेही विचारले नव्हते. माझ्या आईला दमा आहे. निदान छाती ऐकून व्हायला हवे होते, ते आडनाव वाचून झाले. बाहेर आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, "आता इथं यायचं नाही. त्यांनी पोरीला नळीच लावली नाही."

पत्नीने नेमके बोट ठेवले. माझ्या डोक्यात अपमान घोळत होता, तिच्या डोक्यात तपासणी. आणि तपासणीचा मुद्दाच अधिक मोठा आहे. जातीचा पूर्वग्रह हा नैतिक दोष आहे हे आपण नेहमी म्हणतो. तो वैद्यकीय दोषही आहे, हे आपण म्हणत नाही. कारण 'यांच्यात असे चालायचेच' असे एकदा मनात ठरले की पुढचा प्रश्न विचारायची गरज उरत नाही. शोध तिथेच थांबतो. डॉक्टर कितीही हुशार असला तरी ज्या मुलाच्या बाबतीत त्याचा शोध थांबला, त्या मुलापुरती त्याची हुशारी संपलेली असते. म्हणून एका वाक्यासाठी डॉक्टर सोडायचा का, या प्रश्नाला माझे उत्तर असे : त्या वाक्यामुळे तपासणी थांबत असेल तर सोडलाच पाहिजे.

मात्र डॉक्टर सोडण्याची कारणे नीट पारखून घेतली पाहिजेत. कारण आपल्याकडे चांगला डॉक्टर चुकीच्या कारणासाठी सुटतो आणि वाईट डॉक्टर चुकीच्या कारणासाठी टिकतो.

'सुई देत नाही', 'सलाईन लावत नाही', 'दोन दिवसांत गुण आला नाही' ही डॉक्टर सोडण्याची कारणे नव्हेत. मुलांचा सर्दी-खोकला आणि ताप बहुतेक वेळा विषाणूंमुळे येतो, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तो ताप तीन-चार दिवस राहून आपोआप उतरतो. जो डॉक्टर 'औषध नको, वाट पाहा, पण अमुक दिसले तर लगेच या' असे सांगतो, तो फी घेऊन काही करत नाही असे आपल्याला वाटते. वास्तविक तो सर्वांत अवघड काम करत असतो. जुलाबांचेही तसेच. मीठ-साखरेच्या पाण्याने केवढे जीव वाचतात हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत दाखवून दिले. सलाईन संपल्यावर त्यांनी पिंपांत हे पाणी कालवून लोकांना प्यायला दिले होते. आज जुलाब झालेल्या मुलाला ओ.आर.एस.ची पुडी आणि १४ दिवस झिंकची गोळी द्यावी हा मान्य उपचार आहे. पिऊ शकणाऱ्या मुलाला उगाच सलाईन लावणारा दवाखाना गर्दीचा असेल, पण तो शहाणा आहेच असे नाही.

खोकल्याच्या बाटलीबद्दलही सावध राहावे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांपैकी काहींना नागपूरच्या रुग्णालयांत आणले होते. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून १४ रुग्णांच्या पोटात गेले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्या. लेंटिन आयोग नेमावा लागला होता. छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य संचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. तेव्हा 'खोकल्याचं औषध लिहिलं नाही' म्हणून कोणी डॉक्टर सोडत असेल तर त्याला थांबवावे.

मग सोडण्याची खरी कारणे कोणती? मुलाला हात न लावता चिठ्ठी लिहिणे. आजाराचे नाव न सांगणे किंवा न लिहिणे. तेच औषध पुन्हा पुन्हा देऊनही त्रास का थांबत नाही याचा विचार न करणे. प्रश्न विचारल्यावर रागावणे. मुलाचे वजन कधीच न करणे. आपल्याच दुकानातून औषध घ्यायची सक्ती करणे. आणि जात, वस्ती, भाषा, कपडे यांवरून बोलणे. यांपैकी एखादी गोष्ट एखाद्या दिवशी गर्दीमुळे घडू शकते. डॉक्टर माणूसच आहे. परंतु तीच रीत झाली असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

सोडण्याचीही एक पद्धत असते. रागाने चिठ्ठ्या फाडून टाकू नयेत. जुन्या चिठ्ठ्या, तपासणीचे रिपोर्ट, एक्स-रे, लसीकरणाचे कार्ड हे सारे मुलाच्या आरोग्याचा इतिहास आहे आणि इतिहासाशिवाय नवा डॉक्टर आंधळा असतो. मूल दवाखान्यात भरती होते तर तिथले कागद मागून घ्यावेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरने कागदपत्रे दिली पाहिजेत, आणि भरती रुग्णांचे कागद तीन वर्षे जपले पाहिजेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा, कागद मिळण्याचा, भेदभावाशिवाय उपचार मिळण्याचा आणि औषध कुठून घ्यायचे ते ठरवण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असे लावायचे आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

दुसरी गोष्ट, मूल गंभीर असताना डॉक्टर बदलण्याचा घोळ घालू नये. तेव्हा जवळचे रुग्णालय गाठावे, लागल्यास १०८ ला फोन करावा, विश्वासाचा प्रश्न नंतर पाहावा. झटक्यांची किंवा दम्याची रोजची औषधे चालू असतील तर नवा डॉक्टर सांगेपर्यंत ती बंद करू नयेत. आणि जुन्या डॉक्टरचे नाव व औषधे नव्यापासून लपवू नयेत. 'आधी कुणाकडे दाखवलं?' असे विचारले की आपले लोक घाबरून 'कुणाकडंच न्हाई' म्हणतात. याने मुलाला तेच औषध दुप्पट मिळण्याचा धोका असतो.

आता नवा डॉक्टर शोधण्याविषयी. माढा तालुक्यातल्या माणसाला माढ्याचे ग्रामीण रुग्णालय आहे, शेजारी कुर्डुवाडी आणि टेंभुर्णी आहे, पुढे बार्शी, पंढरपूर आणि शेवटी सोलापूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जितके लांब तितके चांगले, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. रात्री दोन वाजता लेकराला श्वास लागला तर लांबचा मोठा डॉक्टर उपयोगाचा नाही. रोजचा डॉक्टर जवळचा असावा आणि मोठ्या आजाराला कुठे पाठवायचे हे त्याला ठाऊक असावे.

पहिली चौकशी पदवीची करावी. फलकावर 'मुलांचा दवाखाना' लिहिले म्हणजे आतला माणूस बालरोगतज्ज्ञ असतोच असे नाही. एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. किंवा डी.एन.बी. बालरोग, अथवा डी.सी.एच. ही पदविका, यांपैकी काहीतरी असावे. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असणे बंधनकारक आहे आणि तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळून पाहता येतो. यात संकोच कसला? आपण बियाणाच्या पिशवीवरचा शिक्का पाहतो, सोने घेताना छाप पाहतो.

दुसरी चौकशी बायकांकडे करावी. पुरुष दवाखान्याची इमारत सांगतात, आया डॉक्टरचे वागणे सांगतात. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना वस्तीतले कोणते मूल कुठे बरे झाले आणि कुठून परत आले हे माहीत असते. 'डॉक्टर चांगला आहे का?' असे विचारू नये, सगळे हो म्हणतात. 'तुझ्या पोराला उघडं करून तपासलं का? काय झालंय ते सांगितलं का? पैसे कमी पडले तर कसं बोलला?' असे विचारावे.

तिसरी गोष्ट, पहिली भेट शक्यतो मूल बरे असताना घ्यावी. लसीच्या निमित्ताने किंवा वजन-उंची दाखवायला जावे. तेव्हा आपण घाबरलेले नसतो आणि डॉक्टरला पारखता येते. मनात ठरवून चार प्रश्न विचारावेत : माझ्या मुलाचे वजन वयाच्या मानाने ठीक आहे का? हे औषध कशासाठी आहे? काय दिसले तर लगेच आणायचे? रात्री तुम्ही नसाल तर कुठे जायचे? उत्तराइतकेच उत्तर देण्याच्या रीतीकडे लक्ष द्यावे. तो आईकडे पाहून बोलतो का, की ती समोर असताना फक्त बापाशी बोलतो? आपल्या भाषेत बोलतो का? 'मला खात्री नाही' असे कधी म्हणतो का? ज्याला सगळेच ठाऊक आहे अशा डॉक्टरपासून मी थोडा लांब राहीन.

आमच्यापुरते सांगायचे तर दोन दवाखाने पाहून आम्ही तिसऱ्या ठिकाणी थांबलो. त्या डॉक्टरीणबाईंनी मुलीचा फ्रॉक वर केला, घड्याळ हातात घेतले आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मग नळी लावली, मग घरच्यांची चौकशी केली. आईच्या दम्याचा विषय पहिल्यांदा तिथे निघाला. "एवढ्या लहान वयात मी हिला दमा असं नाव आत्ताच देणार नाही," त्या म्हणाल्या, "पण हिच्या श्वासनळ्या आकसतात. अँटिबायोटिकचा इथं उपयोग नाही." त्यांनी पंप आणि तो लहान मुलांना ओढता यावा म्हणून मधे लावायची नळकांडी दिली. पंपाची सवय लागते, असे माझी आई लगेच म्हणाली. बाईंनी तिला समजावले की पंपाचे औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून तोंडाने घ्यायच्या औषधापेक्षा ते फार थोडे लागते. त्यात सवय लागण्यासारखे काही नाही. आईने पुन्हा दोन प्रश्न विचारले. त्यांनी पुन्हा उत्तरे दिली. मुलीचा खोकला पूर्ण गेला असे नाही. पण तो कशाने येतो, आला तर काय करायचे आणि केव्हा धावायचे हे आता घरातल्या तिघांनाही ठाऊक आहे.

श्वास मोजण्याची ही साधी गोष्ट प्रत्येक आईबापाला आली पाहिजे. मूल शांत असताना, पोट-छाती उघडी करून, पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील तर ते न्यूमोनियाचे लक्षण समजतात. फासळ्यांखालची छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, प्यालेले सगळे उलटून टाकत असेल, झटके आले असतील किंवा गुंगीत असेल, तर एक क्षणही घालवू नये. दोन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर घरी थांबूच नये. हे ज्ञान गुप्त नाही. शासनाच्या आरोग्य कार्यक्रमात ते आहे आणि आशांना शिकवले जाते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि त्याने बालमृत्यू कमी होतात हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे मांडले. कमी शिकलेल्या बाईला हे जमते, तर आपल्याला का जमू नये?

इथे आणखी एका प्रश्नाला भिडले पाहिजे. पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात, 'आपलाच डॉक्टर शोधा.' या म्हणण्यामागची वेदना मी समजतो. आपल्या माणसापुढे आडनाव सांगताना आवाज खाली जात नाही. आपल्या मुलामुलींनी डॉक्टर व्हावे, त्यांचे दवाखाने चालावेत हेही मला हवे आहे. त्यासाठी त्यांना काय सोसावे लागते ते मुंबईच्या नायर रुग्णालयातील आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या २२ मे २०१९ च्या मृत्यूने सर्वांना दाखवून दिले. परंतु जात पाहून ठेवलेला विश्वासही न तपासलेलाच विश्वास आहे. आपल्या डॉक्टरलाही हेच चार प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्या जातीचा डॉक्टर या कसोटीला उतरत असेल तर त्याच्याकडे निःशंक जावे. आमच्या डॉक्टरीणबाईंची जात मी विचारली नाही. त्यांनीही माझी विचारली नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. माझ्याकडे पगार आहे, मोटारसायकल आहे, म्हणून मी तीन दवाखाने पाहू शकलो. उजनीच्या पाण्यावर या तालुक्यात ऊस उभा राहिला आणि हंगामात तो तोडायला बाहेरची कुटुंबे येतात. त्यांच्या पालातल्या लेकराला डॉक्टर बदलण्याची चैन कुठून? एक दिवस दवाखान्यात गेला की दोघांची मजुरी बुडते. अशा माणसाला डॉक्टर बदलता येत नसेल तर दवाखाना बदलावा लागेल, म्हणजे सुधारावा लागेल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासायची आहेत. पथक आले का, किती मुलांना हात लावून तपासले, बालरोगतज्ज्ञाची जागा भरलेली आहे की रिकामी, हे ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत विचारणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. एकट्या बापाचा प्रश्न डॉक्टरला उद्धटपणा वाटतो. पन्नास बापांचा तोच प्रश्न लेखी गेला की त्याला उत्तर द्यावे लागते.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझी एक सूचना आहे. जयंतीला आपण मिरवणूक काढतो, व्याख्याने ठेवतो. त्यात एक संध्याकाळ वस्तीतल्या आयांसाठी ठेवावी. आशाताईंना बोलवावे, श्वास मोजायला शिकवावे, ओ.आर.एस.चे पाणी कालवून दाखवावे. प्रत्येक मुलाची एक फाईल करून द्यावी, त्यात लसीचे कार्ड आणि आतापर्यंतच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावाव्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने ती फाईल बरोबर न्यावी. आणि डॉक्टरला विचारायचे ते चार प्रश्न तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावेत. आईला वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी थोरली पोर ते दवाखान्यात वाचून दाखवील.